पियानो शोधला कुणी? राजवाड्यातली वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने!

४ मे २०१५ रोजी गुगल उघडलं असेल, तर एक डूडल तुम्ही पाहिलं असेल. एक माणूस पियानो वाजवतोय आणि त्याच्या वाजवण्याचा जोर तुम्ही कमी-जास्त करू शकताय. जोर वाढवला की आवाज मोठा, कमी केला की हळू. अनेकांनी दोन मिनिटं खेळून ते बंद केलं असेल. पण त्या डूडलमधली गंमत तीच होती. हळू आणि मोठा आवाज एकाच पट्टीतून, फक्त बोटाच्या जोरावर निघणं हाच त्या माणसाचा शोध होता.

त्याचं नाव बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी. त्या दिवशी त्याची ३६० वी जयंती होती.

बीथोव्हेन आणि मोझार्ट ही नावं आपण ऐकलेली असतात. पण ज्या वाद्यावर त्यांचं नाव झालं, ते वाद्य कुणी बनवलं हे विचारलं तर भलेभले गप्प बसतात. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. क्रिस्तोफोरीला नोकरी मिळाली होती ती वाद्यांची देखभाल करायला. तारा बदलायच्या, सूर लावायचे, झिजलेले भाग काढून नवे बसवायचे, वाद्यं एका महालातून दुसऱ्या महालात न्यायची. आजच्या भाषेत सांगायचं तर तो राजघराण्याचा मेंटेनन्सवाला होता.

आणि याच माणसाच्या हातचा सगळ्यात जुना पियानो पुढे दुरुस्तीमुळेच आपला मूळ आवाज गमावून बसला. हे कसं घडलं, ते समजून घेऊया.

पादुआचा कारागीर

क्रिस्तोफोरीचा जन्म ४ मे १६५५ चा, इटलीतल्या पादुआ शहरातला. हे शहर तेव्हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकात होतं. त्याच्या लहानपणाबद्दल आणि शिक्षणाबद्दल जवळपास काहीच माहिती हाती लागत नाही.

माहिती नसली की दंतकथा तयार होतात. तशी एक इथेही आहे. क्रेमोना गावात निकोलो अमाती नावाचे प्रसिद्ध व्हायोलिन बनवणारे होते. क्रिस्तोफोरी त्यांच्याकडे शिकला, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. याला आधार होता १६८० सालच्या एका नोंदीचा. अमातींच्या घरात राहणाऱ्यांच्या यादीत क्रिस्तोफारो बार्तोलोमेई असं नाव होतं. नाव जुळतंय म्हणून लोकांनी मानून टाकलं. पण त्याच नोंदीत त्या मुलाचं वय १३ लिहिलं आहे आणि आपला क्रिस्तोफोरी तेव्हा २५ वर्षांचा होता. म्हणजे तो वेगळाच कुणीतरी.

एवढं मात्र नक्की की ३३ व्या वर्षापर्यंत हा माणूस आपल्या कामात इतका तयार झाला होता की त्याची कीर्ती थेट एका राजपुत्रापर्यंत पोहोचली.

घड्याळांचा शौकीन राजपुत्र

हा राजपुत्र म्हणजे फर्दिनांदो दे मेदिची. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याचा मुलगा आणि गादीचा वारस. मेदिची घराण्याचं नाव कला आणि पैसा या दोन्हीसाठी युरोपभर गाजलेलं होतं.

फर्दिनांदोला दोन वेड होती. एक संगीताचं. फ्लोरेन्सजवळच्या प्रातोलिनो इथल्या महालात तो ऑपेरा बसवून घ्यायचा. दुसरं वेड यंत्रांचं. त्याच्याकडे ४० पेक्षा जास्त घड्याळं होती. आणि वाद्यांचा संग्रह तर विचारूच नका.

झालं असं की, १६८८ च्या सुमारास त्याची वाद्यं सांभाळणारा माणूस वारला. राजपुत्राला नवा माणूस हवा होता. त्याच वर्षी व्हेनिसच्या कार्निव्हलहून परतताना तो पादुआत थांबला असावा आणि तिथेच त्याची क्रिस्तोफोरीशी गाठ पडली असावी, असं अभ्यासक मानतात.

पगार ठरला महिना १२ स्कुदी. शिवाय भांडीकुंडी आणि सामानासकट राहायला घर. मे १६८८ मध्ये क्रिस्तोफोरी फ्लोरेन्सला पोहोचलासुद्धा.

सुरुवातीला त्याला जागा मिळाली ती राजघराण्याच्या सामायिक कारखान्यात. तिथे शंभरेक कारागीर एकत्र काम करायचे. कुणी धातू ठोकतोय, कुणी दगड घासतोय. ज्याला तारेचा बारीकसा सूर ऐकून काम करायचं आहे, त्याची तिथे काय अवस्था झाली असेल याची कल्पना करा. या गोंगाटाबद्दलची आपली नाराजी त्याने उतारवयातही बोलून दाखवली होती. नंतर त्याला स्वतःची वेगळी कार्यशाळा मिळाली आणि हाताखाली एक-दोन मदतनीसही.

रोजचं काम काय होतं?

पियानोच्या आधी युरोपच्या दरबारात हार्प्सिकॉर्डचं राज्य होतं. दिसायला पियानोसारखंच, पण पोटातली यंत्रणा पूर्ण वेगळी.

हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की आतली एक उभी काडी वर उचलली जाते. तिला पिसाच्या देठाचा छोटासा तुकडा लावलेला असतो. तो तुकडा तारेला छेडून पुढे जातो. सतारीवर मिजराब करते तेच काम इथे पिसाचा देठ करतो.

आता पिसाचा देठ किती दिवस टिकणार? वाजवून वाजवून तो झिजतो, वाकतो, तुटतो. मग नवा तुकडा कापायचा, बसवायचा, शेजारच्या तारेइतकाच आवाज येतोय का ते पाहायचं, नाही आला तर पुन्हा तासायचा. एका वाद्यात असे शंभरेक तुकडे असू शकतात. त्यात तारा हवामानाप्रमाणे उतरतात, चढतात, तुटतात. राजपुत्राकडे अशी वाद्यं डझनांनी होती. क्रिस्तोफोरी या सगळ्या कामांची बिलं दरबाराला द्यायचा. त्यातली काही आजही उपलब्ध आहेत आणि त्यांवरूनच त्याचं रोजचं काम आपल्याला कळतं.

हार्प्सिकॉर्डची आणखी एक अडचण होती आणि ती दुरुस्तीने सुटणारी नव्हती. पट्टी हळू दाबा किंवा जोरात, आवाज जवळपास तेवढाच यायचा. आपल्या पेटीचंही तसंच आहे. पेटीची पट्टी कितीही जोरात दाबली तरी आवाज वाढत नाही, त्यासाठी भाता जोरात मारावा लागतो. हार्प्सिकॉर्डला तर भाताही नव्हता. गायक आवाज चढवू-उतरवू शकतो, व्हायोलिनवाला शकतो, पण हार्प्सिकॉर्डवाला नाही.

दुरुस्तीतून शोधाकडे

क्रिस्तोफोरी फक्त जुनं नीट करत बसला नाही. १६९० च्या दशकात त्याने काही नवी वाद्यं बनवली. त्यातलं एक होतं स्पिनेत्तोने. नाटकगृहात वादकांच्या दाटीवाटीत मावेल पण आवाज भरपूर देईल, असं ते वाद्य होतं. दुसरं होतं अंडाकृती आकाराचं स्पिनेट. म्हणजे माणसाची खोड आधीपासूनच होती.

आणि मग येते १७०० सालची ती यादी. मेदिची घराण्याच्या वाद्यांची त्या वर्षी मोजदाद झाली. त्यात क्रिस्तोफोरीने बनवलेल्या एका मोठ्या वाद्याची नोंद आहे. हे वाद्य नव्या पद्धतीचं असून त्यातून हळू आणि मोठा असे दोन्ही आवाज निघतात, असं तिथे नमूद केलं आहे. इटालियनमध्ये हळूला पियानो म्हणतात आणि मोठ्याला फोर्ते. पुढे या वाद्याचं लांबलचक नाव आखडत पियानोफोर्ते झालं आणि शेवटी नुसतं पियानो उरलं. म्हणजे आपण आज पियानो म्हणतो, तेव्हा शब्दशः फक्त हळू एवढंच म्हणत असतो!

सोपी वाटणारी अवघड गोष्ट

तुम्ही म्हणाल, तारेला छेडण्याऐवजी हातोडीने मारायचं, यात एवढं काय? आपल्याकडे संतूर आहेच की.

बरोबर आहे. संतूरमध्ये वादक हातातल्या काड्यांनी तारांवर आघात करतो. जोरात मारलं की मोठा आवाज, हलकं मारलं की नाजूक. युरोपातही असं वाद्य होतं. पण संतूरवादकाचा हात एक काम नकळत करत असतो. काडी तारेला लागते आणि क्षणात मागे येते. ती तारेवरच टेकून राहिली तर सूर घुमणारच नाही, फक्त ठक्क असा आवाज येईल.

आता हे काम हाताऐवजी लाकडी यंत्रणेने करायचं आहे. बोट पट्टीवर दाबलेलंच आहे, तरीही हातोडीने तारेला मारून मागे यायला हवं. नंतर ती उसळून पुन्हा तारेवर आदळता कामा नये. बोट उचललं की तार लगेच गप्प व्हायला हवी. आणि हे सगळं पुढच्या सुरासाठी क्षणार्धात परत तयार व्हायला हवं.

क्रिस्तोफोरीने या प्रत्येक अडचणीवर वेगळा भाग बनवला.

पहिला भाग म्हणजे निसटणारा खुंट. पट्टी दाबली की हा खुंट वर ढकलला जातो आणि मधल्या एका तरफेमार्फत हातोडीला उडवतो. पण हातोडी तारेला लागायच्या थोडं आधी तो बाजूला निसटतो. शेवटचं अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने कापते. आपण चेंडू हातातून सोडतो ना, तसं. म्हणून बोट दाबलेलं असलं तरी हातोडी मोकळी असते. मधल्या तरफेमुळे बोटाच्या छोट्याशा हालचालीतून हातोडीला मोठा वेग मिळतो.

दुसरा भाग म्हणजे हातोडीला झेलणारा. सुरुवातीच्या रचनेत हातोडी परत येऊन रेशमी दोऱ्यांवर पडायची. नंतरच्या पियानोंमध्ये त्याने पट्टीच्या मागच्या टोकाला एक आधार बसवला, जो परतणारी हातोडी अलगद पकडून ठेवतो.

तिसरा भाग म्हणजे डॅम्पर. बोट उचललं की तो तारेवर बसतो आणि सूर बंद होतो.

आणि हातोडीचं डोकं? ते चक्क कागदाचं होतं. कागदाची पट्टी गोल गुंडाळून सरसाने चिकटवायची आणि तारेला लागणाऱ्या जागी वर चामड्याचा तुकडा लावायचा. वजनाला हलकी आणि आघाताला मऊ.

प्रत्येक सोयीची किंमत

क्रिस्तोफोरीच्या रचनेतली एक गोष्ट पियानो दुरुस्त करणाऱ्यांना आजही विचार करायला लावते.

तारा ज्या खुंट्यांवर गुंडाळतात, त्या खुंट्यांची लाकडी फळी त्याने उलटी बसवली. खुंट्या फळीतून आरपार जायच्या. सूर लावायचा तो वरून, पण तार गुंडाळलेली असायची खालच्या टोकाला. त्यामुळे तुटलेली तार बदलणं कटकटीचं झालं. ज्याचं अर्धं आयुष्य तारा बदलण्यात गेलं, त्याने मुद्दाम असं का केलं असेल?

कारण हातोडी खालून मारते. तारा नेहमीच्या पद्धतीने असत्या, तर प्रत्येक ठोक्याला त्या आपल्या जागेवरून उचलल्या गेल्या असत्या. उलट्या रचनेत मात्र प्रत्येक ठोका तारेला तिच्या जागी आणखी घट्ट बसवतो. शिवाय तारा खाली आल्याने हातोड्या लहान आणि हलक्या ठेवता आल्या आणि पट्ट्या बोटांना हलक्या लागू लागल्या. म्हणजे दुरुस्तीचा त्रास वाढला, पण वाजवण्याचं सुख मिळालं.

आणखी एक हुशारी. तारांचा ताण वाढला की वाद्याची चौकट वाकते आणि आवाज घुमवणारी पातळ फळी, म्हणजे साउंडबोर्ड, तडकू शकते. क्रिस्तोफोरीने ताण झेलायला बाहेरची भिंत वेगळी ठेवली आणि साउंडबोर्डला आधार द्यायला आत दुसरी. एकाचा भार दुसऱ्यावर येऊ दिला नाही. काय कुठे मोडतं हे ज्याने रोज पाहिलं आहे, त्यालाच असं सुचू शकतं, असं वाटत राहतं.

आपल्याकडेही असं उदाहरण आहे. मिरजेची सतार-तंबोऱ्यांची परंपरा ज्या शिकलगार घराण्यांनी उभी केली, ती मुळात हत्यारांचं काम करणारी. वाद्यं दुरुस्त करता करता ती वाद्यं बनवायला लागली, असं सांगितलं जातं. मोडलेली वस्तू उघडून पाहणाऱ्याला तिचं मर्म लवकर कळतं, हे फ्लोरेन्समध्ये जितकं खरं होतं तितकंच मिरजेत.

लोकांना तो आवडला का?

खरं सांगायचं तर, फारसा नाही.

१७११ साली शिपिओने माफेई या लेखकाने एका इटालियन नियतकालिकात या नव्या वाद्यावर सविस्तर लेख लिहिला. सोबत यंत्रणेची आकृतीही छापली. तोपर्यंत क्रिस्तोफोरीने तीन पियानो बनवले होते. काही जाणकारांना या वाद्याचा आवाज हार्प्सिकॉर्डच्या मानाने मऊ आणि दबका वाटतो, हेही माफेईंनी नोंदवलं. कानाला सवय नव्हती. शिवाय पियानो महाग, बनवायला किचकट आणि वाजवायला वेगळं तंत्र मागणारा.

त्यातच १७१३ साली आजारपणानंतर फर्दिनांदो वारला. आश्रयदाता गेला. तरीही क्रिस्तोफोरी फ्लोरेन्समध्येच राहिला. आता तो फर्दिनांदोच्या वडिलांच्या, म्हणजे कोसिमोच्या सेवेत होता. १७१६ मधल्या वाद्यांच्या यादीवर त्याची सही आहे. त्यावरून संग्रहाचा रखवालदार म्हणून तोच जबाबदार होता, असं दिसतं. या काळात तो पियानोत सुधारणा करत राहिला.

त्याचं आपण ऐकलेलं एकमेव चित्र १७२६ मधलं. त्यात तो आपल्या वाद्याशेजारी उभा आहे. मूळ चित्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं. आता उरलाय तो फक्त त्या चित्राचा फोटो.

शेवटची वर्षं आणि दोन मृत्युपत्रं

उतारवयात क्रिस्तोफोरीचा मदतनीस होता जोव्हान्नी फेर्रिनी. पुढे तो स्वतः नावाजलेला वाद्यकारागीर झाला. १७२९ च्या जानेवारीत क्रिस्तोफोरीने मृत्युपत्र केलं आणि आपल्या वस्तू फेर्रिनीच्या नावे केल्या.

पण दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याने ते बदललं. नव्या मृत्युपत्रात जवळपास सगळं दाल मेला नावाच्या बहिणींना दिलं. आजारपणात त्यांनी त्याची सतत सेवा केली होती, त्याची ही परतफेड. फेर्रिनीच्या वाट्याला आले फक्त पाच स्कुदी. मात्र हे काही भांडण झालं म्हणून नाही, एवढं स्पष्ट करायला तो विसरला नाही.

जानेवारी १७३१ मध्ये, वयाच्या ७५ व्या वर्षी तो फ्लोरेन्समध्येच वारला. पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, लोदोविको जुस्तिनी या संगीतकाराच्या १२ रचना छापून आल्या. खास पियानोसाठी म्हणून छापलेलं हे पहिलं संगीत मानलं जातं. ते बघायला क्रिस्तोफोरी नव्हता.

श्रेय दुसऱ्यांना, वाद्य जगाला

माफेईंच्या लेखाचं १७२५ मध्ये जर्मन भाषांतर छापलं गेलं. त्यातून जर्मनीतल्या गॉटफ्रीड झिल्बरमान या ऑर्गन बनवणाऱ्याने पियानो करायला घेतला. त्याची यंत्रणा जवळपास क्रिस्तोफोरीचीच होती. सुरुवातीला योहान सेबास्टियन बाख यांनी त्याच्या पियानोतले दोष दाखवले. वरचे सूर कमकुवत आहेत आणि पट्ट्या जड लागतात, अशी त्यांची तक्रार होती. झिल्बरमानने सुधारणा केल्या आणि १७४७ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिकच्या दरबारात बाख यांनी त्याचे पियानो वाजवले.

या सगळ्यात मूळ माणसाचं नाव मागे पडलं. शोध आपलाच आहे, असे दावे जर्मनीतूनही झाले. १९ व्या शतकात मेदिचींची जुनी दप्तरं धुंडाळली गेली आणि १८७४ मध्ये लेतो पुलिती या अभ्यासकाचं संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा कुठे क्रिस्तोफोरीचं श्रेय पक्कं व्हायला लागलं.

तोपर्यंत पियानो खूप बदलला होता. १८२१ मध्ये एरार यांनी असा बदल केला की पट्टी पूर्ण वर न येताही तोच सूर पुन्हा वाजवता येऊ लागला. १८२५ मध्ये अमेरिकेत बॅबकॉक यांनी एकसंध लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. १८२६ मध्ये पॅरिसमध्ये पाप यांनी हातोडीवर चामड्याऐवजी फेल्ट, म्हणजे दाबून बनवलेला लोकरीचा नमदा वापरायला सुरुवात केली. क्रिस्तोफोरीच्या १७२६ च्या पियानोत ४९ पट्ट्या होत्या, आजच्यात ८८ असतात. आजच्या मोठ्या पियानोत सुट्या भागांची संख्या १० हजारांच्या वर जाते आणि तारांचा एकूण ताण २० टनांच्या आसपास असतो.

आजही पोटात तोच आहे

एवढं बदलूनही आजचा पियानो उघडून बघितला, तर क्रिस्तोफोरी भेटतोच. निसटणारा खुंट, हातोडी झेलणारा आधार, डॅम्पर, सगळे तिथेच. आणि झिजतातही तेच भाग.

पोलादी तारेवर आपटून आपटून हातोडीच्या फेल्टवर खाचा पडतात. मग आवाज कर्कश आणि पत्र्यासारखा येऊ लागतो. तंत्रज्ञ बारीक सॅंडपेपरने तो थर घासून हातोडीला पुन्हा आकार देतो, सुया टोचून फेल्ट मोकळं करतो. फेल्ट फारच पातळ झालं असेल, तर हातोड्याच नव्या बसवाव्या लागतात. हातोड्या आणि तरफा ज्या बारीक पिनांभोवती फिरतात, तिथे कापडाचं छोटं अस्तर असतं. ते झिजलं की हातोडी डुगडुगते आणि तारेवर तिरकी बसते. दमट हवेत हेच अस्तर फुगलं की पट्टी अडकते. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात ज्यांच्या घरी पियानो आहे, त्यांना हे सांगायला नको. डॅम्परचं फेल्ट कडक झालं की बोट उचलल्यावरही सूर रेंगाळतो. आणि खुंटी लाकडात सैल झाली की कितीही सूर लावा, तार उतरतेच. अशा वेळी थोडी जाड खुंटी ठोकली जाते.

थोडक्यात, पियानो हे सतत भाग बदलत जगणारं वाद्य आहे. पण मग प्रश्न उभा राहतो. भाग बदलत बदलत मूळ वाद्यातलं उरतं काय?

तीन पियानो आणि एक कोडं

क्रिस्तोफोरीच्या हातचे तीनच पियानो आज शिल्लक आहेत.

पहिला १७२० चा, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. १८८९ पासून तो तिथल्या संग्रहात आहे. तो वाजतो. संग्रहालयाने त्याच्या वादनाचे व्हिडिओही टाकले आहेत. पण हा पियानो वेळोवेळी दुरुस्त होत आला. पट्ट्यांची सुरांची मर्यादा बदलली गेली. १९३८ मध्ये तर साउंडबोर्डच नवा बसवला गेला. साउंडबोर्ड म्हणजे पियानोचा गळा. तोच बदलल्यावर १७२० मध्ये हे वाद्य कसं वाजत होतं, हे त्यावरून कळणं शक्य नाही, असं जाणकार कारागीर सांगतात.

दुसरा १७२२ चा, रोममध्ये. त्याला किडीने पोखरलं आहे. तो वाजत नाही.

तिसरा १७२६ चा, जर्मनीतल्या लाइपझिग विद्यापीठाच्या वाद्यसंग्रहालयात. पूर्वी त्याचं ध्वनिमुद्रण झालं होतं, पण आता तोही वाजवण्याच्या स्थितीत नाही.

म्हणजे जो बोलतो त्याचा आवाज मूळ नाही आणि ज्यांच्यात मूळ गोष्टी उरल्या आहेत ते मुके आहेत.

यात दुरुस्ती करणाऱ्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. त्यांच्या दृष्टीने वाद्य वाजायला हवं होतं आणि वाजणं हाच तर वाद्याचा धर्म. क्रिस्तोफोरीने स्वतः आयुष्यभर तेच केलं. त्याने राजपुत्राच्या हार्प्सिकॉर्डमधून जुने झिजलेले तुकडे काढून टाकले, तेव्हा ३०० वर्षांनी कुणाला तरी त्यांचा अभ्यास करायचा असेल, असा विचार त्याच्या मनात आला असण्याचं कारण नाही.

म्हणून आता संग्रहालयांनी मधला मार्ग काढला आहे. अस्सल वाद्याला हात न लावता त्याचं माप घ्यायचं, प्रत्येक भाग नोंदवायचा आणि त्याबरहुकूम नवी प्रतिकृती बनवून ती वाजवायची. रोम आणि लाइपझिगच्या मुक्या पियानोंवरून आजच्या कारागिरांनी अशा प्रतिकृती केल्या आहेत. कागदी हातोड्यांचा तो मऊ आवाज आज ऐकू येतो तो त्यांच्यामुळे. आणि ज्या वाद्याची दुरुस्ती करावीच लागते, त्याचा काढलेला भाग फेकून न देता जपून ठेवायचा, काय बदललं ते लिहून ठेवायचं, ही शिस्त आता पाळली जाते.

तुमच्या घरात आजोबांची पेटी, जुना तंबोरा किंवा माळ्यावर पडलेलं व्हायोलिन असेल, तर ही गोष्ट तुमच्याही उपयोगाची आहे. दुरुस्त जरूर करून घ्या, कारण न वाजणारं वाद्य हळूहळू अडगळ होतं. पण उघडण्याआधी चार फोटो काढा. काढलेला भाग एका डबीत ठेवा आणि तारीख घालून चिठ्ठी टाका.

मेदिचींच्या कारकुनाने १७०० साली वाद्यांच्या यादीत ती एक नोंद केली नसती, तर पियानो कुणी शोधला याचं उत्तर आज आपल्याला इतक्या खात्रीने देताच आलं नसतं.